जर्मन कंपनीची ऑफर: आधी मालक कोण ते बघा, मग आकडा

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. श्टुटगार्टजवळच्या कंपनीची भारतात शाखा नाही, म्हणून त्यांनी तुमच्यापुढे तीन रस्ते ठेवले आहेत. पहिलं वर्ष भारतात बसून कंत्राटदार म्हणून बिलं लावायची, किंवा भारतातल्या एका मध्यस्थ कंपनीच्या, म्हणजे ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’च्या, पगारपत्रकावर राहायचं, किंवा वर्षाला ६०,००० युरोंवर थेट इकडे जर्मनीत यायचं. पत्नी आणि मुलगी वर्षभराने येणार. हातात किती पडेल, पीएफचं काय होईल आणि आईवडिलांना विम्यात घेता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी इथे जर्मनीत बरीच वर्षं एका मध्यम आकाराच्या कंपनीत पगारपत्रकाचं काम करते. भारतातून नव्याने आलेल्यांचे करार आणि पहिल्या पगाराच्या स्लिपा माझ्या टेबलावरून जातात. बहुतेकांनी आकड्यावर खूप घासाघीस केलेली असते, पण कागदावर आपला मालक कोण आणि आपल्याला कुठल्या देशाचा कायदा लागू होतो हे विचारलेलं नसतं. तुमच्या तीन पर्यायांमधला खरा फरक तिथेच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कंत्राटदाराचा रस्ता माझ्या मते सोडून द्या. भरपगारी रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, पीएफ नाही, नोटीस करारात लिहिली असेल तेवढीच, आणि जीएसटी व आयकराचं सगळं तुमच्या डोक्यावर. शिवाय तुम्ही एकाच कंपनीसाठी, त्यांच्या वेळेत, त्यांच्या टीम लीडच्या हाताखाली काम करणार असाल तर ते नावापुरतंच कंत्राट आहे. जर्मनीत अशा दिखाऊ स्वयंरोजगारावर कंपनीला मागच्या काळाचे सामाजिक विम्याचे हप्ते भरावे लागतात. तुम्ही भारतात असताना ते हप्ते लागू होत नाहीत, पण कामगाराचे हक्कही मिळत नाहीत. मालकाच्या हिश्श्याचे पैसे वाचावेत म्हणून हा पर्याय पुढे केला जातो, आणि ती बचत क्वचितच तुमच्या दरात दिसते.

मध्यस्थ कंपनीचा रस्ता वाईट नाही, पण तो कसा चालतो ते समजून घ्या. तुमचं नियुक्तिपत्र मध्यस्थाचं, पगार तो देणार, टीडीएस तो कापणार, पीएफ तुमच्या जुन्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, जमा होणार. काम मात्र जर्मन कंपनी सांगणार. या काळात तुम्हाला भारतीय कायदा लागू आहे. जर्मनीतलं नोकरीचं संरक्षण, तिथली किमान रजा, तिथला आजारपणाचा पगार, यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. सहकारी कितीही प्रेमाने ‘आपल्या टीममधले’ म्हणोत, कागदावर तुम्ही त्या कंपनीचे कोणी नसता.

इथे आकड्यांची एक गल्लत हमखास होते. मध्यस्थाकडून मिळणारा आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, असतो. त्यात मालकाचा पीएफ आणि बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. जर्मन ब्रुटो, म्हणजे कपातीआधीच्या, पगारात मालकाचा हिस्सा धरलेला नसतो, तो वर वेगळा असतो. तुमच्या ६०,००० युरोंवर कंपनी सामाजिक विम्यासाठी आणखी सुमारे २१ टक्के भरणार, म्हणजे तिला तुम्ही ७२,००० युरोंच्या पुढे पडता. दोन्ही आकडे रुपयांत करून शेजारी ठेवले की तुलना चुकते. मध्यस्थाकडे आधी मूळ पगार, भत्ते आणि मालकाचा हिस्सा वेगवेगळा लिहून मागा.

आता सर्वात महत्त्वाचं. मध्यस्थाकडे काढलेलं वर्ष जर्मनीत आपोआप मोजलं जात नाही. इथे कामावरून काढण्याविरुद्धचं खरं संरक्षण दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी आणि सहा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर सुरू होतं. प्रोबेझाइट, म्हणजे परिवीक्षाकाळ, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. तुम्ही त्यांच्यासाठी वर्षभर काम केलेलं असूनही जर्मन करार नवा, म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर. घर आवरून तुम्ही येणार, आणि दोन आठवड्यांत नोकरी जाऊ शकते. म्हणून हे वर्ष मान्य करण्याआधीच कंपनीकडून लेखी घ्या की जर्मन करारात परिवीक्षाकाळ नसेल आणि आधीचा काळ सेवाकाळ म्हणून धरला जाईल. चांगली कंपनी हे देते. अजून तुम्ही त्यांना हवे आहात, तोवर मागणं सोपं आहे.

कधी कधी असंही सुचवलं जातं की जर्मनीत आल्यावरही मध्यस्थाच्याच जर्मन शाखेच्या नोकरीत राहा. याला साफ नाही म्हणा. जर्मन कायद्याच्या नजरेत हे बहुधा माणूस दुसऱ्या कंपनीला भाड्याने देणं ठरतं. त्यासाठी मध्यस्थाकडे परवाना लागतो आणि एकाच कंपनीकडे साधारणपणे १८ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ज्या निवास परवान्याला सरकारी रोजगार एजन्सीची संमती लागते, तिथे अशा कामगाराला संमती नाकारायची असं निवास कायद्याच्या कलम ४० मध्येच लिहिलं आहे. तुमचा पगार ब्लू कार्डच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्याच्या, सर्वसाधारण पगारमर्यादेच्या वर आहे, २०२५ साली ती ४८,३०० युरो होती, आणि त्या पगारावर ही संमती लागत नाही. तरी हा मार्ग धरू नका, कारण ब्लू कार्डच्या पहिल्या बारा महिन्यांत मालक बदलला तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते हरकत घेऊ शकतात. मध्यस्थाकडून मूळ कंपनीकडे जाणं हाही मालक बदलणंच आहे. ब्लू कार्ड थेट कंपनीच्या करारावर घ्या.

आणि मध्यस्थाकडे असताना ‘महिनाभर इकडे येऊन टीमबरोबर काम करा’ असं कोणी म्हणालं तर सावध राहा. बिझनेस व्हिसावर बैठका, चर्चा, पाहणी चालते. रोजचं काम चालत नाही, आणि त्याची झळ पुढच्या व्हिसाला तुम्हालाच लागेल.

थेट येण्याचा हिशेब करू. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० ब्रुटो. २०२५ च्या दरांनी पेन्शनला ९.३ टक्के, म्हणजे ४६५ युरो. बेरोजगारी विम्याला १.३ टक्के, म्हणजे ६५. आरोग्य विम्याला ७.३ टक्के आणि त्यावर विमा कंपनीच्या जादा हप्त्याचा अर्धा भाग, सरासरी धरली तर मिळून सुमारे ४२७. दीर्घकालीन शुश्रूषा विम्याला मूल असलेल्यांसाठी १.८ टक्के, म्हणजे ९०. मूल नसलेल्यांना इथे २.४ टक्के भरावे लागतात. मुलगी भारतात असली तरी तुम्ही पालकच आहात, त्यामुळे तिच्या जन्मदाखल्याचं भाषांतर पहिल्याच दिवशी पगार विभागाला द्या. साधी गोष्ट आहे, पण पुष्कळ जण देत नाहीत आणि दरमहा जास्त भरत राहतात.

उरला प्राप्तिकर, आणि तुमच्या घरच्या बेताचा संबंध याच्याशी आहे. विवाहित असलात तरी पत्नी भारतात राहत असेपर्यंत तुम्हाला करवर्ग क्रमांक एक मिळतो, म्हणजे अविवाहिताचा. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते या वर्गावर ठरतं. त्यात कर साधारण ८०० युरो जाऊन हातात सुमारे ३,१५० पडतात. पत्नी इथे राहायला आली, तिची नोंदणी झाली आणि तुम्ही विवाहितांसाठीचा करवर्ग तीन मागितला की तोच पगार हातात ३,५०० च्या थोडा वर जातो. पण ज्या वर्षी ती इथे राहायला येते त्या संपूर्ण वर्षासाठी विवरणपत्र एकत्र भरता येतं, मग ती डिसेंबरात का येईना. तिचं त्या वर्षातलं भारतातलं उत्पन्न कराचा दर ठरवताना धरतात, तरीही बहुतेकांना मोठा परतावा मिळतो. म्हणून तिचं येणं जानेवारीवर ढकलत असाल तर डिसेंबरचा विचार जरूर करा. मुलीसाठीचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो, तेही ती इथे राहायला आल्यावरच सुरू होतं.

आल्या आल्या पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करा. त्यानंतर पोस्टाने अकरा आकडी करओळख क्रमांक येतो. तो वेळेत दिला नाही तर सर्वात जड करवर्ग सहा लागू शकतो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण भाडं आणि अनामत भरायच्या महिन्यांतच पैसे अडकतात. नोंदणीत धर्माचा रकाना असतो. तिथे कर लावणाऱ्या चर्चचं सदस्यत्व लिहिलं तर प्राप्तिकरावर ८ किंवा ९ टक्के चर्चकर लागतो. तुम्हाला तो लागू नाही, तेव्हा रकाना काळजीपूर्वक भरा.

रजा आणि आजारपण यांत फार जोखीम नाही. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा मिळते, पण तुमच्या क्षेत्रात ३० दिवस हा रिवाज आहे, तो मागा. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, पुढे विमा कंपनी ब्रुटोच्या ७० टक्क्यांपर्यंत देते. आजारपणाचे दिवस रजेतून वळते होत नाहीत. नवी मुलं तापातही लॅपटॉप उघडून बसतात, ते बघून मला वाईट वाटतं. तसं करू नका.

नोकरी सुटण्याबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण त्या वेळी माणूस घाबरून सही करून बसतो. काढल्याची नोटीस कागदावर आणि हाताच्या सहीनेच वैध ठरते. ईमेलवरची नोटीस ग्राह्य नाही. तिला कामगार न्यायालयात आव्हान द्यायला तीन आठवडे मिळतात, त्यानंतर दार बंद. कंपनी ‘परस्पर संमतीने’ संपवण्याचा करार पुढे करेल तेव्हा तो घरी आणा आणि वकिलाला दाखवा. त्यावर सही केली तर बेरोजगारी भत्ता साधारणपणे बारा आठवडे रोखला जाऊ शकतो. हा भत्ता मिळायला मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला हवा आणि मूल असेल तर तो निव्वळ पगाराच्या ६७ टक्के असतो. पहिल्या वर्षात नोकरी गेली तर भत्ता नाही आणि ब्लू कार्डवर दुसरी नोकरी शोधायला साधारण तीनच महिने. परिवीक्षाकाळाबद्दल मी इतका आग्रह का धरते, ते यावरून लक्षात येईल. स्थलांतराचा खर्च परत मागण्याचं कलम करारात असेल तर कंपनीने स्वतः काढल्यास ते लागू होणार नाही, असं त्यात स्पष्ट घालून घ्या.

पीएफबद्दल. जर्मन करारावर आलात की भारतातला पीएफ थांबतो आणि इथली पेन्शन सुरू होते, दोन्ही एकत्र कापलं जात नाही. भारतीय कंपनी आपल्या पगारावर ठेवूनच इकडे पाठवते तेव्हा गोष्ट वेगळी. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यानुसार ईपीएफओकडून, म्हणजे भारतातल्या पीएफ संघटनेकडून, प्रमाणपत्र घेतलं तर ४८ महिन्यांपर्यंत इथली पेन्शन भरावी लागत नाही. तुमच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. तुम्हाला उपयोगी आहे ते हे: इथल्या पेन्शनच्या हक्काला ६० महिने लागतात, आणि ते मोजताना या करारामुळे भारतातला विमाकाळही जोडता येतो. इथे पाच वर्षं भरायच्या आत कायमचे परतलात, तर परतल्यावर २४ महिन्यांनी तुमचा स्वतःचा हिस्सा परत मागता येतो, मालकाचा नाही. परत घेतला की तो काळही पुसला जातो, त्यामुळे पुन्हा युरोपात यायचा विचार असेल तर घाई करू नका. पीएफ खात्याची केवायसी आणि नावाचं स्पेलिंग निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. इथून ते करणं फार त्रासाचं आहे.

आता आईवडिलांचं. इथला सरकारी आरोग्य विमा तुमच्याच हप्त्यात पत्नीला आणि मुलीला सामावून घेतो, पत्नीची स्वतःची नोकरी नसेल किंवा कमाई अगदी किरकोळ असेल तर. पण त्यांनी इथे राहायला हवं. भारतात असेपर्यंत त्यांना हा विमा नाही, आणि सुट्टीत तुम्ही भारतात गेलात तर तुम्हालाही नाही, त्यासाठी स्वस्तातला परदेश प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. आईवडील मात्र या विम्यात कुठल्याच वाटेने येत नाहीत. ते भेटीला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागेल, आणि त्यात आधीपासूनचे आजार सहसा धरलेले नसतात. कंपनी बदलताना त्यांचा सध्याचा विमा तुमच्या आताच्या मालकाच्या गट पॉलिसीतून येत असेल, तर राजीनाम्याआधीच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून देण्याची विचारणा करा. तुम्ही लिहिलेल्या त्यांच्या वयाला नवी पॉलिसी मिळवण्यापेक्षा ते बरंच सोपं जाईल.