डिसेंबरात सिंगापूरला पावसाचा अंदाज आहे, दोघांनी चायनाटाउनमध्ये दिवस घालवावा का?

खुशाल घालवा. रोज पाऊस दिसतोय म्हणून बेत बदलायचाच असेल तर सेंटोसाच्या समुद्रकिनाऱ्याचा बदला, चायनाटाउनचा नको. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबर तिथला ऐन पावसाचा महिना. बहुतेकदा दुपारी धो धो कोसळतो आणि तासा-दोन तासांत आवरतं घेतो, पण एखादा दिवस नुसती पिरपिर चालू राहते. आम्हा नवरा-बायकोला दोन्ही प्रकार भेटले आणि फिरणं काही थांबलं नाही.

याचं कारण त्या भागाच्या बांधणीत आहे. 1822 मध्ये इंग्रजांचं सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सने शहराचा आराखडा करवून घेतला, तेव्हाच त्याने अट घातली होती की रस्त्यालगतच्या घरांना पुढून सलग, छप्पर असलेली पडवी हवी. त्या पडव्यांना फाइव्ह-फूट वे म्हणतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी ती घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. त्यामुळे एका पडवीतून दुसरीत शिरत गल्ली पार करता येते, छत्री लागते ती फक्त रस्ता ओलांडताना. मात्र खाली बघून चाला. दर दुकानापुढची फरशी वेगळी, उंचीही वेगळी, मध्येच एखादी पायरी येते, आणि ओल्या टाइल्सवर साधी चप्पल हमखास घसरते. घोट्याला पट्टा असलेल्या सँडल बऱ्या.

पॅगोडा स्ट्रीटवरची मॅग्नेट-टीशर्टची दुकानं दहा मिनिटांत उरका. त्याच रस्त्याच्या टोकाला, साउथ ब्रिज रोडवर, श्री मरिअम्मन मंदिर आहे. 1827 पासूनचं हे मंदिर सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ, आणि शेजारीच तमिळ मुसलमानांनी उभारलेली जामे मशीद. नावाला चिनी वस्ती, पण तमिळ माणूस इथे पहिल्यापासून आहे.

बुद्ध टूथ रेलिक टेंपल, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, मात्र नवं आहे, 2007 सालचं. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. चौथ्या मजल्यावर सोन्याचा स्तूप आहे, त्यात 320 किलो सोनं आहे म्हणे! मला स्वतःला त्यापेक्षा गच्चीवरची ऑर्किडची बाग आवडली, पावसात तर जास्तच.

पण एकच जागा बघायची असेल तर तेलोक आयर स्ट्रीटवरचं थिआन हॉक केंग मंदिर बघा. 1839 ते 1842 मध्ये होक्किएन लोकांनी, म्हणजे दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्यांनी, ते बांधलं, समुद्राची देवी माझू हिच्यासाठी. तेव्हा समुद्र अगदी मंदिरासमोर होता. चीनहून जहाजाने आलेला माणूस किनाऱ्यावर उतरला की सुखरूप पोचल्याबद्दल आधी देवीला नमस्कार करायचा. पुढे भराव टाकत गेले आणि समुद्र दूर सरकला, आता समोर ऑफिसांचे टॉवर दिसतात. मधला चौक उघडा आहे. जोराची सर आली की वळणदार छपरांवरून पाणी चौकात पडत राहतं, आणि आपण खांबाशी उभं राहून उदबत्तीच्या वासात बघत बसायचं. कोकणात किंवा घाटावर चौकाच्या वाड्यात पाऊस पाहिलेल्यांना ते फार ओळखीचं वाटेल. संध्याकाळी लवकर बंद होतं, तेव्हा हे दुपारीच करा.

खाण्याचं म्हणाल तर मॅक्सवेल फूड सेंटर. मांसाहारी असाल तर हैनानीज चिकन राइस घ्या, भात कोंबडीच्याच रश्शात शिजवलेला असतो. शाकाहारींनी नुसतं भाजीचं काही दिसलं म्हणून मागवू नये, परतायला डुकराची चरबी वापरलेली असू शकते. त्यापेक्षा बुद्ध टूथ मंदिराच्या तळघरातलं शाकाहारी उपाहारगृह सोयीचं, आणि स्वस्तही. मॅक्सवेलला कडेच्या टेबलांवर पावसाचे शिंतोडे येतात, आतली जागा धरा. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी राखून ठेवली आहे असं समजायचं. तुम्हीही तसंच करा, कारण तिथे टिश्यू कोणी देत नाही, पाकीट जवळ लागतंच. खाऊन झालं की ट्रे स्वतः जागेवर नेऊन ठेवा. नाही ठेवला तर आधी लेखी ताकीद मिळते, दुसऱ्यांदा सापडलात तर 300 सिंगापूर डॉलर दंड.

पाऊस थांबायचं नावच घेत नसेल तर नील रोडवरच्या टी चॅप्टरमध्ये जाऊन बसा. 1989 मध्ये राणी एलिझाबेथ तिथे चहाला आली होती. चहाची पानं, गरम पाणी आणि इवलेसे पेले पुढ्यात येतात, चहा आपला आपण करायचा, त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतत. कोणी उठवायला येत नाही. माझा नवरा दूध-साखरेच्या चहाचा कट्टर भक्त, तोही तिथे निवांत रमला. आपल्या हिशोबाने महाग आहे खरं, पण दोघांना दोन तास शांतपणे बोलत बसायला चायनाटाउनमध्ये याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही.

आणि शक्य झालं तर सोमवार टाळा, मॅक्सवेलमधले काही चांगले स्टॉल त्या दिवशी बंद असतात.