स्टील शिकायचंय ना, मग आधी ही माणसं ऐक

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. पेडल स्टील शिकायचंय (पायांवर उभी केलेली आडवी गिटार, तारांवर धातूचा बार सरकवायचा आणि पायाने पेडलं दाबून सूर बदलायचे), कुणाला ऐकू ते सांगा, पण नेहमीची नावं नकोत. अट आवडली. म्हणजे बडी एमन्सवर मी पानं भरत नाही, त्याला स्टीलवाले देव मानतात आणि ते बरोबरच आहे, पण त्याच्या कौतुकाला माणसं कमी पडत नाहीयेत.

तू क्लिप पाठवलीस रॉबर्ट रँडॉल्फची. भारी आहे, हात काय तयार आहे त्याचा, पब्लिक वेडं झालंय. पण तुझ्या मेसेजवरून वाटलं की तुला त्यातला स्पीड तेवढा दिसला. तो कुठून आला ते पुढे सांगतो, आत्ता एवढंच लक्षात ठेव की हे वाद्य वाढलंय ते गाणाऱ्याच्या मागे बसून. संगतीचं वाद्य आहे हे. आणि आपल्याकडे सारंगीवाल्यांचं जे झालं तेच तिकडे अमेरिकेत स्टीलवाल्यांचं झालं, मैफल आठवते, गाणारा आठवतो, बाजूला बसलेल्याचं नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी कंट्री एलपींच्या कव्हरवर वादकांची नावंच छापलेली नाहीत. गायकाचा मोठा फोटो, मागे गाण्यांची यादी, बास. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत, तीन तासांचं सेशन असायचं, त्यात तीन-चार गाणी उरकायची, गाणं बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा कानावर पडायचं, समोर कागदावर कॉर्ड आकड्यांनी लिहिलेले, एक चार पाच असे, म्हणजे गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो, आणि हे वाजवून झालं की वाद्य उचलून पुढच्या स्टुडिओत. अशा दिवसांतून निघालेल्या सुरावटी लोक आजही गुणगुणतात आणि वाजवणारा कोण ते माहीत नसतं.

सुरुवात बड आयझॅक्सपासून कर. इंडियानाचा माणूस. वेब पिअर्सचं 'स्लोली' लाव, १९५४ सालचं हिट. पेडल असलेलं स्टील त्याच्या आधीही होतं, स्पीडी वेस्टकडे पॉल बिग्सबीने बनवलेलं १९४८ पासूनच होतं (स्पीडी वेस्ट पण ऐक, पण तो मिरचीसारखा, आधी पोट तयार होऊ दे). आयझॅक्सने वेगळं काय केलं तर तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. बार जागचा हलला नाही आणि आतले सूर सरकले. आज आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, पण तेव्हा ते रेडिओवर ऐकून कामातल्या स्टीलवाल्यांची झोप उडाली होती, सगळे पेडलांच्या मागे लागले.

तुला सरगममध्ये सांगतो म्हणजे पटकन कळेल. ई नाइन ट्युनिंग, ई ला सा धर. मोकळ्या तारांवर सा ग प वाजतंय. आता पहिली दोन पेडलं एकदम दाब, ग अर्धा सूर चढून शुद्ध म होतो, प पूर्ण सूर चढून ध होतो आणि सा हलतच नाही. सा ग प चं सा म ध झालं. एक सूर खांबासारखा उभा आणि बाकीचे दोन वेगवेगळ्या मापाची मींड घेत वर जातायत, तेही एकाच वेळी. सतारीवर कितीही खेच, हे असं नाही जमणार. तुला ज्याचं रडणं म्हणून वेड लागलंय ना, ते मुळात हे आहे. 'स्लोली'मध्ये तो क्षण शोधून काढ, परत परत ऐक, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

आयझॅक्सकडे ही दोन्ही हालचाल एकाच पेडलवर होती. पुढे एमन्सने ती दोन पेडलांवर वाटली आणि जिमी डेनेही वाटली, पण दोघांचा क्रम उलटा. म्हणून आजही वाद्य घ्यायला गेलं की विचारतात, एमन्स सेटअप हवा की डे सेटअप. एमन्स सगळ्यांना माहीत असतो. डे कोण होता हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. तो अलाबामाचा, रे प्राइसबरोबर वाजवायचा, १९५६ च्या 'क्रेझी आर्म्स'वर स्टील त्याचं आहे. आणि गंमत बघ, ते गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी एक राल्फ मूनी, तोही स्टीलवालाच! म्हणजे एका स्टीलवाल्याचं गाणं, त्यावर दुसऱ्याचं स्टील, आणि लोकांच्या तोंडी नाव रे प्राइसचं.

मूनी वेगळा ऐक. कॅलिफोर्नियाकडचा आवाज, टणटणीत, धारदार, नॅशव्हिलच्या गुळगुळीतपणाशी काही देणंघेणं नाही. मर्ल हॅगार्डचं 'स्विंगिंग डोअर्स' लाव, नंतर वेलन जेनिंग्जबरोबर वीसेक वर्षं होता त्यातलं 'रेनी डे वुमन' लाव. दोन-तीन सूर वाजले की कळतं हा मूनी. मला विचारशील तर ओळख पटणं ही स्पीडपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती मूनीइतकी फार थोड्यांकडे होती.

टॉम ब्रम्लीचं एकच सांगतो, बक ओवेन्सचं 'टुगेदर अगेन', १९६४. त्यातला सोलो. छोटासा आहे, काही फास्ट नाही, एक कॉर्ड दुसऱ्यात विरघळत जातो. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा गिटारवाला जेरी गार्सिया, त्याने स्टील हातात घेतलं त्यामागे हा सोलो होता म्हणतात, आणि त्याच गार्सियाने १९७० मध्ये आलेल्या 'टीच युअर चिल्ड्रन'वर वाजवलेला तुकडा हा बहुधा जगातला सगळ्यात जास्त ऐकला गेलेला पेडल स्टीलचा तुकडा असेल, म्हणजे चेला घरोघर पोचला आणि ब्रम्लीचं नाव स्टीलवाल्यांपुरतं राहिलं. गार्सियावर राग नाही हां माझा, छान वाजवलंय त्याने.

आता माझा सगळ्यात लाडका. लॉइड ग्रीन. याच्यावर तू महिनाभर बैस. टॅमी वायनेटचं १९६८ चं 'डी आय व्ही ओ आर सी ई' म्हणजे घटस्फोटाची अक्षरं एकेक करून उच्चारलेलं ते गाणं, त्यावर हा आहे. चार्ली प्राइडचा फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमधला लाइव्ह अल्बम, त्यावरही हाच, आणि तो आधी ऐक कारण तिथे स्टुडिओ नाही, समोर पब्लिक, परत टेक नाही, आणि तरी हा माणूस एकही सूर गायकाच्या शब्दावर टाकत नाही. प्राइडची ओळ संपते, तो श्वास घेतो, त्या फटीत ग्रीन येतो, दोन वाक्यं बोलतो आणि पुढचा शब्द यायच्या आत बाहेर. परत ऐक म्हणजे लक्षात येईल, त्याने दिलेला शेवटचा सूर बऱ्याचदा गायकाला पुढचा सूर हातात देऊन जातो. ही अक्कल शिकवून येत नाही म्हणतात, मला तसं वाटत नाही, ऐकून येते.

त्याचं अजून एक. त्या काळी स्टीलवाले दोन नेकचं वाद्य वापरायचे, म्हणजे एकाच वाद्यावर तारांचे दोन संच, पुढे ई नाइन ट्युनिंगचा आणि मागे सी सिक्सचा. सी सिक्सवर जॅझ वगैरे वाजवायचं, दोन्ही येणं म्हणजे इज्जत. ग्रीनने मागचा नेक काढून टाकला आणि तिथे हात टेकायला गादी बसवली! स्टील बनवणाऱ्या शो-बड कंपनीने पुढे एलडीजी नावाचं मॉडेलच काढलं तसं. मला काय लागतं आणि काय लागत नाही हे इतकं स्वच्छ कळलेला माणूस. आणि असा संयमी माणूस १९६८ मध्ये बर्ड्सच्या रेकॉर्डिंगला गेला, लांब केसांची रॉकवाली पोरं, याने सवयीप्रमाणे विचारलं कुठे कुठे भरू, तर उत्तर आलं सगळीकडेच. हे तो स्वतः सांगतो. 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ऐकलास की कळेल त्याने 'सगळीकडे' म्हणजे काय केलं, तिथेसुद्धा गाण्याचा श्वास कोंडला नाहीये. त्या अल्बमवर दुसरा स्टीलवाला जेडी मॅनेस, दोघांनी २०१८ मध्ये त्याच गाण्यांचा, जवळजवळ सगळा नुसत्या वाद्यांचा अल्बम केला. ते मूळ गाण्यांनंतर ऐक, आधी नको.

जॉन ह्यूई. कॉनवे ट्विटीबरोबर वीस वर्षं. शाळेपासूनची ओळख त्यांची. पण तू व्हिन्स गिलचं १९९१ चं 'लुक ॲट अस' लाव, गाण्याची सुरुवातच ह्यूईची आहे, बार पार वरच्या पट्टीत, जिथे खुणा इतक्या जवळ येतात की केसभर सरकलं तरी बेसूर. तिथे तो असा थरथरवतो की पोटात कालवतं. याहून जास्त लिहीत नाही.

आता तुझी क्लिप. रँडॉल्फ आला तो चर्चमधून. हाउस ऑफ गॉड नावाचं कृष्णवर्णीयांचं चर्च आहे, १९०३ मध्ये मेरी मॅग्डलिना टेट नावाच्या बाईने सुरू केलेलं. तिथे ऑर्गनच्या जागी स्टील आहे. फिलाडेल्फियात ट्रोमन ईसन एका हवाईयन माणसाकडे शिकला, त्याचा धाकटा भाऊ विली ते ऐकून आपलं आपण वाजवायला लागला, आणि १९३० च्या दशकापासून त्याने तारेवर माणसाचा गळा काढला, ओळ गायची आणि पुढची अर्धी स्टीलला गायला लावायची. पुढे लॅप स्टीलच्या (मांडीवर ठेवायचं, पेडलं नसलेलं) जागी पेडल स्टील आलं, टेड बीअर्ड, कॅल्व्हिन कुक, चक कॅम्पबेल. पिढ्यानपिढ्या हे चाललं होतं आणि चर्चबाहेर कुणाला पत्ता नव्हता! फ्लोरिडाचा लोकसंगीत अभ्यासक रॉबर्ट स्टोन तिथे पोचला, १९९७ मध्ये अरहूली या रेकॉर्ड कंपनीने 'सेक्रेड स्टील' ही सीडी काढली तेव्हा जगाला कळलं. मनाला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू, या चर्चच्या ज्या शाखेतून हे लोक आले तिचं मुख्यालय नॅशव्हिलमध्येच आहे. एकाच गावात दोन स्टीलच्या दुनिया, आणि एकीला दुसरीची खबर नाही. का नाही ते वर्णभेदाचा इतिहास माहीत असलेल्याला सांगायला नको. चक कॅम्पबेलला २००४ मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, चांगलं झालं, पण कंट्रीवाल्या याद्यांमध्ये तो अजूनही क्वचित दिसतो.

आणि हेही संगतच आहे बरं का. प्रवचन चढत जातं तसं स्टील मागून चढतं, लोक नाचायला लागले की जी गती येते ती नाचणाऱ्यांसाठी. तुला क्लिपमध्ये दिसलेला स्पीड तिथून आलाय, कुणाला इम्प्रेस करायला नाही.

बाकी भराभर सांगतो. नायजेरियाचा डेमोला अडेपोजू, किंग सनी अडेच्या जुजू (तिकडचं नाचाचं संगीत) बँडमधला, ढोलांच्या गर्दीत वरून स्टील तरंगतं, आणि पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड' गाण्यावरचं स्टीलही त्याचंच. किती जणांना माहितीय? मेरियन हॉल, पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या 'टाउन हॉल पार्टी' या टीव्ही शोमध्ये बिग्सबी वाजवायची, जुन्या फिती सापडतात, बघच. सुझन ॲल्कॉर्न, टेक्सासच्या कंट्री बँडांतून निघून टँगोवाल्या पियाझोलापर्यंत गेलेली बाई, २०२५ च्या जानेवारीत गेली. 'सोलेदाद' ऐक, हेडफोन लावून, मध्ये फोन बघायचा नाही.

आणि आपल्याकडे स्टील नवीन नाही हेही ध्यानात ठेव. पेडलं नव्हती, पण हवाईयन गिटार होती, मुंबईत व्हॅन शिपली, कोलकात्यात सुनील गांगुली, सिनेमाची गाणी त्यावर वाजवलेल्या रेकॉर्डी घराघरांत होत्या. ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग वाजवले. तुझ्या कानात मींड आधीच आहे, ती फुकट घालवू नकोस.

म्हणून रियाझाचं एक, तानपुरा ॲप लावून बस, सा ई ला. फ्रेट नाहीत, नुसत्या रेघा आहेत, बार रेघेच्या बरोबर वर धरायचा आणि शेवटी कानानेच ठरवायचं. ट्यूनरच्या काट्यावर गंधार बरोबर लावलास की कॉर्ड टोचेल, स्टीलवाले तो मुद्दाम थोडा उतरवून लावतात, आणि तो कुठे बसतो ते तुला तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार सांगेल. तिकडची पोरं तक्ते बघून हे करतात, तुला फुकट मिळालंय. दुसरं, व्हॉल्यूम पेडलवर पाय नाचवू नकोस, सूर विझायला लागला की हळूच द्यायचा, दर सुरावर फूं फूं केलंस तर ऐकवत नाही. आणि तळहाताने तार बंद करायला, ब्लॉकिंग म्हणतात ते, पहिल्या दिवसापासून शिक, नंतर सवय लागत नाही.

वाद्य घ्यायची घाई करू नकोस. दोन नेकचं केससकट तीसेक किलो भरतं, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. एक नेक, ३ पेडलं, गुडघ्याने ढकलायचे ४ लिव्हर एवढं भरपूर आहे, आणि पेडल कितीने तार चढवतंय ते विकणाऱ्याकडून व्हिडिओवर बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. कस्टम ड्यूटीचा खर्च धरून हिशोब कर.

तोवर काम असं, पँथर हॉलवालं एक गाणं घे, शब्द कागदावर उतरव, आणि ग्रीन कुठे येतो, कुठे गप्प राहतो त्या जागांवर पेनाने खुणा कर. फोटो काढून पाठव. मी माझ्या खुणा काढून ठेवतो, जुळवून बघू आणि जिथे जुळत नाहीत तिथे भांडू. रविवारी सकाळी फोन कर, दुपारी मी झोपतो.

तुझा,
काका