पाळीव प्राण्याच्या आरोग्य विम्यासाठी कंपनी कशी निवडावी?

तुमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू चार महिन्यांचं आहे, तीन कंपन्यांचे हप्ते समोर आहेत आणि त्यातला सर्वांत स्वस्त घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर हप्ता सर्वांत शेवटी बघा. आधी पॉलिसीत काय मिळणार नाही ते पान काढा आणि 'आधीपासूनचा आजार' कशाला म्हटलंय ते शब्दन् शब्द वाचा.

हे मी पोळल्यावर शिकले. आमची कुत्री तीन वर्षांची असताना एकदा मागच्या डाव्या पायाने जराशी लंगडली. दोन दिवसांत बरी झाली. डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली, आम्ही ते विसरूनही गेलो. विमा काढला तो त्यानंतर. पुढे दीड वर्षाने एका सकाळी ती उठली तीच मागचा उजवा पाय उचलून. नुसती बोटं टेकवत, सगळा भार डावीकडे टाकत पाण्याच्या भांड्यापर्यंत आली. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. कंपनीने जुने केसपेपर मागवले आणि क्लेम नाकारला. पाय दुसरा होता, तरीही! पॉलिसीत कलमच होतं: जोडीच्या अवयवांपैकी एकाला आधी त्रास झाला असेल, तर दुसऱ्या बाजूचा त्रासही जुनाच धरला जाईल. कुत्र्यांमध्ये एका गुडघ्याचं लिगामेंट गेलं की दुसऱ्याचंही जाण्याची शक्यता बरीच असते, म्हणून असं कलम अनेक पॉलिसींत असतं. मी ते वाचलं नव्हतं. (ती आता छान पळते, पण खर्च सगळा आम्हीच केला.)

तुमच्या पिल्लाचा केसपेपर अजून कोरा आहे, त्यामुळे विमा काढायला हीच वेळ चांगली. लॅब्रॅडॉरना खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष होऊ शकतो. तेव्हा आनुवंशिक आजार धरलेत का, आणि सांध्यांसाठी वेटिंग पिरियड (विमा काढल्यापासून क्लेम मिळू लागेपर्यंतचा काळ) वेगळा आहे का, हे विचाराच. अपघातासाठी तो थोड्या दिवसांचा आणि सांध्यांसाठी काही महिन्यांचा, असंही असतं.

मग मर्यादा. काही पॉलिसी एका आजाराचा खर्च १२ महिनेच देतात. त्वचेची ॲलर्जी किंवा मधुमेह जन्मभर चालतो, तिथे अशी पॉलिसी वर्षभरातच संपल्यासारखी. दरवर्षी मर्यादा नव्याने भरून देणारी घ्या, हप्ता जास्त पडला तरी. कुत्र्याचं वय वाढेल तसा हप्ताही बहुतेक ठिकाणी वाढतो, तोही हिशेबात धरा.

परताव्याचं गणितही विचारा. बिल १००, डिडक्टिबल (बिलातली तुम्ही स्वतः भरायची ठरावीक रक्कम) २० आणि परतावा ८० टक्के असेल, तर डिडक्टिबल आधी वजा केल्यास हातात ६४ पडतात, नंतर केल्यास ६०.

फोनवर 'हो, सगळं मिळतं' म्हणतात, त्यावर जाऊ नका. पिल्लाच्या सगळ्या नोंदींची प्रत डॉक्टरांकडून घ्या, ती तिन्ही कंपन्यांना ईमेल करा आणि यातलं काय 'आधीपासूनचं' धरणार ते लेखी मागा. जी कंपनी सरळ उत्तर देईल, तिचा हप्ता मग बघा.