फिश फाइंडरवर तळ कुठला, मासा कुठला, हे कसं ओळखायचं?

उजनी धरणात होडीवर फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) बसवला, स्क्रीनवर माशांची चित्रं भरपूर दिसतात, पण तिथे जाळं टाकलं की हाती काही लागत नाही, असं तुम्ही विचारलंय. पहिलं काम म्हणजे मेन्यूत जाऊन ती चित्रं बंद करा. बुडालेली फांदी, बुडबुडे, शेवाळाचा पुंजका, काहीही असलं तरी यंत्र त्याचा मासाच काढतं.

मग चार दिवस मासे शोधू नका, नुसता तळ वाचा. भिगवणच्या बाजूला चुलत्यांच्या होडीवर मी असंच शिकलो. शिशाचा गोळा दोरीला बांधायचा, त्याच्या बुडाला साबण चोपडायचा, तळाला टेकवून वर ओढायचा. काळा गाळ चिकटून आला तिथे स्क्रीनवर तळाचा रंग फिका दिसायचा. साबणात मुरमाचे खडे रुतून आले तिथे पट्टा गडद आणि ठसठशीत. पाच-सहा जागी असं करून बघा, डोळा बसतो.

आणखी एक खूण. रेंज, म्हणजे स्क्रीन किती खोलीपर्यंत दाखवणार ते, 'ऑटो'वर ठेवू नका, खोलीच्या दुपटीहून थोडी जास्त लावा. 6 मीटरवर कडक तळ असेल तर 12 मीटरवर दुसरी रेघ उमटते, कारण आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि परत येतो. गाळ आवाज गिळतो, तिथे ही रेघ पुसट असते किंवा नसतेच. तुलना करताना सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती बारीक प्रतिध्वनी दाखवणार ते, मात्र बदलू नका.

आता मासे. स्क्रीनची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण, डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. आवाज खाली पसरत जातो. कोन 20 अंशांचा असेल तर 10 मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ होतं. मासा त्याच्या कडेला असतो तेव्हा अंतर तिरपं, म्हणून जास्त. बरोबर खाली आला की कमी. बाहेर पडताना पुन्हा जास्त. त्याचीच कमान होते. कमान लांब म्हणून मासा मोठा, असं अजिबात नाही. होडी उभी असली आणि मासाही थांबला तर एका लहानशा चिलापीचीसुद्धा लांबच लांब रेघ होते. जाडी बघा. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, त्यामुळे कटला की रोहू हे स्क्रीन सांगणार नाही.

उतारावर तळाला चिकटलेला मासा दिसत नाही, कारण वरच्या बाजूच्या तळाचा प्रतिध्वनी आधी येऊन त्याला झाकतो. आणि पळसदेवकडे तळाची रेघ एकदम सरळ वर उठली तर जाळं टाकू नका. तिथे जुनं गाव पाण्याखाली आहे. अशाच एका भिंतीला अडकून आमचं नवं जाळं फाटलं होतं.