"तू आता त्यांच्यातली झालीस"

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरला राहते, कॉलेजात शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं, नानांची पाच एकर, द्राक्षबाग मोडून आता बराचसा कांदाच. नानांनी यावेळी ज्याला मत दिलं तो माणूस मला अजिबात पटत नाही, स्टेजवरून ओरडतो, आकडे वाट्टेल ते फेकतो, अधिकाऱ्यांना शिव्या घालतो आणि नेमक्या त्यावरच लोक टाळ्या वाजवतात. मी नानांना सगळं पुराव्यासकट दाखवलं, लिंका पाठवल्या, तर म्हणाले, "तू आता त्यांच्यातली झालीस." ते मला फार लागलं, तेव्हापासून फोनवर फक्त तब्येत आणि पाऊसपाणी. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये पण हेच चाललंय असं वाचते. शिकलेल्या लोकांचा एवढा राग का येतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : "त्यांच्यातली" या शब्दाशीच मी थांबले. नानांच्या मनात एक रेघ आहे, अलीकडे आपण, पलीकडे ते, आणि लेक शिकून पलीकडे गेली असं त्यांना वाटलं. कास मुड्डे नावाचे डच अभ्यासक आहेत, त्यांनी २००४ मध्ये पॉप्युलिझमची व्याख्या साधारण याच रेघेवरून केली, एका बाजूला साधी निर्मळ जनता, दुसऱ्या बाजूला भ्रष्ट वरचे लोक, आणि राजकारण म्हणजे जनतेच्या मनातलं ते खरं. त्यात डावं-उजवं काही नाही, ही रेघ कुणीही ओढू शकतो. आपण त्याला लोकानुनय म्हणतो पण मला तो शब्द कमी पडतो, त्यात फुकट वाटपाचा वास येतो, आणि नानांनी काही फुकट मागितलेलं दिसत नाही.

ही रेघ पडते कशी ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका बँकेत माझा नंबर यायचा होता, पुढे सत्तरीचे एक बाबा पीककर्जाचं नवं-जुनं करायला आलेले, हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात सातबारा आणि आधारची झेरॉक्स. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता कागद परत सरकवले, "केवायसी नाही झालेली, ऑनलाइन करा, शिकलेल्या कुणाला तरी घेऊन या." बाबा भांडले नाहीत. कागद होते त्याच घडीत पिशवीत घातले आणि घरी जायच्याऐवजी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले, बराच वेळ, मग हळूच म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं कर्ज फेडतोय मी हितं." तो फॉर्म आम्ही दोघांनी भरला, दहा मिनिटं लागली. आता नियम काही चुकीचा नव्हता, तो मुलगाही कामाने पिचलेला असेल, पण त्याच संध्याकाळी कुणी माईकवरून म्हणालं असतं की हे साहेब लोक तुम्हाला माणूस समजत नाहीत, तर बाबांना ते कुठे तपासून बघायची गरजच नव्हती, त्यांनी ते सकाळी अनुभवलेलं होतं. तुमच्या लिंका कितीही खऱ्या असल्या तरी त्या या अनुभवाशी भांडायला जातात आणि हरतात.

आणि वर पैशाचं असतंच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत, कारण शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा महाग पडू नये. शहराच्या बाजूने बघितलं तर ते समजतं. पण लासलगावला किंवा पिंपळगावला पहाटेपासून ट्रॅक्टर रांगेत लावून, व्यापाऱ्याने ट्रॉलीत हात घालून चार कांदे चाळवून भाव पुकारला की तो मुकाट ऐकणाऱ्या माणसाला त्या निर्णयाआधी कुणी विचारलं होतं का? फायदा देशभर थोडाथोडा पसरला, तोटा मात्र नेमक्या काही तालुक्यांच्या डोक्यावर बसला.

अमेरिकेत हेच झालं, तिथे कांद्याच्या जागी कारखाने होते. २००० साली तिथे कारखान्यांमधल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७३ लाख होत्या, २०१० पर्यंत त्या १ कोटी १५ लाखांवर आल्या. सगळं चीनमुळे झालं नाही, यंत्रं आली, मंदी आली, पण २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर जी गावं फर्निचर, कापड असल्या धंद्यावर जगत होती ती बसली ती बसलीच. अर्थतज्ज्ञ सांगत होते की एकूण देशाचा फायदाच आहे, आणि हिशोबाने ते बरोबरही होतं. मग २००८ ला बँका बुडायला लागल्या तर सरकारने ७०० अब्ज डॉलरची योजना उभी केली, आणि लाखो लोकांची घरं कर्जापायी गेली ती गेलीच. माणसाने यातून काय समजायचं?

इंग्लंडचा एक प्रसंग मला कायम आठवतो. २०१६ ला ब्रेक्झिटच्या मतदानाआधी आनंद मेनन नावाचे प्राध्यापक न्यूकॅसलला बोलत होते, युरोपीय संघातून बाहेर पडलं तर जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, घसरेल असं समजावत होते, तर श्रोत्यांतून एक बाई ओरडली की तो जीडीपी तुमचा, आमचा नाही. पुढे ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं. ती बाई अडाणी होती असं म्हणून विषय संपवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण तिने अर्थशास्त्रातला रास्त प्रश्न विचारला होता, की वाढ झाली ती कुणाच्या घरी?

म्हणून असल्या लाटेला सरसकट वेडेपणा म्हणू नका. पॉप्युलिस्ट हा शब्दच मुळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीमुळे चलनात आला. रेल्वेचं भाडं आणि सावकारी यांनी पिळलेले ते शेतकरी, १८९२ ला त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मतं पडली. त्यांनी मागितलेला चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहातल्या सदस्यांची, थेट लोकांकडून निवड, यासाठीच्या दोन्ही घटनादुरुस्त्या १९१३ मध्ये झाल्या.

आणि लोकांना तज्ज्ञच नको असतात, हे तर नाशिकच्या माणसाने मुळीच म्हणू नये. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आधी स्वित्झर्लंडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत होते, म्हणजे रेघेच्या पार पलीकडचे. ते सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसली, आणि मग उत्पादन खर्चाचा हिशोब मांडला. १९८० ला याच जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं तेव्हा लोक तासनतास बसून तो हिशोब ऐकायचे, "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणायचे. इंडिया विरुद्ध भारत ही त्यांचीच मांडणी, म्हणजे रेघ त्यांनीही ओढली, पण आधी स्वतः अलीकडे येऊन उभे राहिले. आकडे सांगणारा माणूस लोकांना चालतो हो, आकडे तोंडावर फेकणारा चालत नाही.

तुम्ही नानांना लिंका पाठवणं थांबवा. उन्हाळ कांदा निघाला की एक दिवस रजा टाका आणि त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर मार्केटला जा, लिलाव होईपर्यंत थांबा, हिशोबाची पट्टी हातात येईपर्यंत थांबा. तुमचा जो मुद्दा आहे तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये, खोटे आकडे खोटेच असतात, फक्त तो मुद्दा त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर काढा.

प्रश्न : मी अंबडला एका कंपनीत कंत्राटी आहे. आमचा नेता स्वतः कोट्यधीश, गाड्यांचा ताफा घेऊन येतो आणि बड्या लोकांना शिव्या देतो, तरी पोरं म्हणतात आपला माणूस. हे कसं काय?
– एक वाचक, सिडको

उत्तर : दादा, श्रीमंतीचा राग लोकांना तेवढा येत नाही, उलट पोरांना वाटतं आपणही कधीतरी अशी गाडी घेऊ. राग येतो तो वरून बघण्याचा. ट्रम्प जन्मापासून श्रीमंत, पण २०१६ ला पदवी नसलेल्या गोऱ्या मतदारांपैकी जवळपास दोन तृतीयांश त्याच्यामागे गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या विरोधातल्या उमेदवार हिलरी क्लिंटन म्हणाल्या की ट्रम्पचे अर्धे समर्थक एका टोपलीत भरण्याच्या लायकीचे 'डिप्लोरेबल', म्हणजे वाईट लोक आहेत, दुसऱ्या दिवशी त्यांनी "अर्धे" म्हटल्याबद्दल खेद पण व्यक्त केला, पण लोकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून अभिमानाने घातला.

मला काळजी वाटते ती पुढची. यान-वेर्नर म्युलर या अभ्यासकाचं म्हणणं मला पटतं, की वरच्यांवर टीका केली म्हणून कुणी धोकादायक होत नाही, "फक्त मीच जनता" म्हणायला लागला की होतो, मग विरोधात बोलणारा जनतेतच धरला जात नाही. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान नावाचे नेते २०१० ला दोन तृतीयांश बहुमताने आले, पुढच्याच वर्षी फक्त आपल्याच बाजूच्या मतांवर नवी राज्यघटना मंजूर केली, मग कोर्ट आणि मीडियाही आपल्या मुठीत आणायला लागले.

तर तुम्ही असं करा, पुढच्या सभेत उभं राहून विचारा की कंत्राटी पोरांना परमनंट करायचं काय झालं. उत्तर मिळालं तर नीट ऐका, अर्धवट असलं तरी ऐका. आणि "हा कुणी पाठवला रे" म्हणून तुम्हाला खाली बसवलं, तर ते घरी येऊन त्याच पोरांना सांगा.