पाटी लावण्याआधी हॉलचे दिवे बंद करून बघा

तुम्ही विचारलंय की सोलापुरात होटगी रोडला मंगल कार्यालय बांधताय, वरच्या हॉलला दोन जिने आहेत, तर बाहेर जाण्याच्या पाट्या किती नि कुठे लावायच्या. वीस वर्षं वायरिंग आणि फायर फिटिंगची कामं करतोय, त्यावरून सांगतो.

घाबरलेला माणूस ज्या दारानं आत आला त्याच दाराकडे पळतो. पाहुण्यांनी मागचा जिना पाहिलेलाच नसतो. एका कार्यालयात जनरेटरचा धूर हॉलमध्ये शिरला, तेव्हा मी तिथंच होतो. सगळे पुढच्या जिन्यावर लोटले, बायका-पोरं चेंगरता चेंगरता वाचली. मागचा जिना मोकळाच होता, पण त्याची पाटी डेकोरेशनच्या पडद्यामागे गेलेली. आजही आठवलं की धस्स होतं. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच छापा: दार आणि पाटी झाकायची नाही.

पाटीवर हिरव्या रंगातला धावणारा माणूस हवाच. जपानच्या युकिओ ओता यांचं हे चित्र जगभर चालतं. आपल्याकडे एकाच पंगतीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे बसतात. चित्र सगळ्यांना कळतं. जिथं वाट वळते तिथं बाण लावा. एका पाटीपाशी उभं राहिल्यावर पुढची दिसली पाहिजे. आकडा त्यातूनच निघेल. स्टोअररूमच्या दारावर ‘स्टोअररूम’ लिहा, नाहीतर धुरात लोक तिथंच शिरतात.

धूर आधी छताला साठतो, म्हणजे दारावरची पाटी सगळ्यात आधी दिसेनाशी होते. त्यामुळे जमिनीलगतही पट्ट्या लावा. अंधारात चमकणारी पट्टी उजेड खाऊनच चमकते, कायम अंधाऱ्या बोळात ती कामाची नाही. तिथं बॅटरीवाली पाटी घ्या आणि दर महिन्याला मेन स्विच पाडून तपासा. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला लागतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.

आणि अडवलेली वाट! दिल्लीच्या उपहार सिनेमात 1997 साली आगीत 59 जीव गेले; बाल्कनीतला एक मार्ग जादा खुर्च्यांनी अडवलेला होता. कुलूपही वाट अशीच अडवतं; कार्यक्रम चालू असताना मागच्या दाराला ते नको.

उद्घाटनाआधी कार्यालय कधीच न पाहिलेल्या एखाद्या नातेवाइकाला हॉलच्या मधोमध उभं करा, दिवे घालवा, पुढचं दार बंद सांगा आणि बाहेर पडायला लावा. तो जिथं अडेल, तिथं पाटी कमी आहे.