बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको एकाच काचेच्या पेटीत ठेवता येतील का?

नाही, चार फुटी पेटीतही ठेवू नयेत. दोघेही कोरड्या प्रदेशातले सरडे आहेत, एवढ्यावरून त्यांच्या गरजा सारख्या असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागातला बिअर्डेड ड्रॅगन दिवसा वावरतो आणि त्याला ऊन खाण्यासाठी सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाची जागा व प्रखर अतिनील प्रकाश लागतो, तर अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा लेपर्ड गेको दिवसभर दगडाखाली दडून संध्याकाळी बाहेर पडतो आणि त्याला साधारण ३२ अंशांची उबदार जमीन पुरते. एकाला सोयीचे ते दुसऱ्याला जाचक ठरते.

त्याहून गंभीर बाब आकाराची आहे. पूर्ण वाढलेला ड्रॅगन तोंडात मावेल असा कोणताही लहान सरडा खाऊ शकतो. शिवाय विष्ठेतून पसरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी गेकोला अक्षरशः झिजवून टाकतो, नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही, आणि वरवर निरोगी दिसणारा प्राणीही त्याचा वाहक असू शकतो.

ते एकमेकांवर शांत बसलेले दिसले, तर कृपया त्याला मैत्री समजू नका. बहुधा ती उबेच्या जागेसाठी चाललेली मूक स्पर्धा असते, आणि दबलेला प्राणी खाणे सोडतो तेव्हाच ती आपल्या लक्षात येते. दुसरी पेटी घेण्याइतकी जागा नसेल, तर एकच प्राणी पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.